प्रस्तावना : लायब्ररीचे दोन क्रमांक

जळगाव महापालिकेच्या हद्दीतल्या पिंप्राळा या उपनगराचे नाव लिनक्सच्या संगणकावर टाइप केले, की संगणकाच्या हाती येतात ते नऊ युनिकोड क्रमांक: प, पहिली वेलांटी, अनुस्वार, पुन्हा प, हलन्त, र, काना, ळ आणि शेवटचा काना. हे नऊ जसेच्या तसे ओळीने मांडले तर जे दिसेल ते कोणालाही वाचता येणार नाही. वेलांटी प नंतर टाइप झालेली असली तरी ती प च्या आधी दिसायला हवी, अनुस्वार शिरोरेषेच्या वर जाऊन बसायला हवा, हलन्त दिसताच कामा नये आणि त्याच्याऐवजी दुसऱ्या प च्या पोटाला र चा तिरका फाटा लागायला हवा. ही जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. जुळलेल्या आकारांच्या बाह्यरेषा फॉन्टच्या फाइलीतून काढून पडद्यावरचे ठिपके तयार करण्याचे काम फ्रीटाइपचे. ओळ कुठे तोडायची, गावांची यादी कोणत्या क्रमाने लावायची, हे विचारायला कित्येक प्रोग्रॅम आयसीयूकडे जातात. या सगळ्यांच्या तळाशी ग्लिबसी ही सी भाषेची लायब्ररी असते. तिच्यावाचून सहसा कोणाचेच पान हलत नाही. लिबरऑफिसमध्ये मराठी अर्ज लिहिणाऱ्याला यांतले एकही नाव ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते.

उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीत या चार लायब्रऱ्यांचे प्रकाशन-क्रमांक अनुक्रमे ८.३.०, २.१३.२, ७४.२ आणि २.३९ असे आहेत. त्याच यंत्रावर त्यांच्या फाइलींची नावे मात्र लिबहार्फबझ.एसओ.०, लिबफ्रीटाइप.एसओ.६, लिबआयसीयूयूसी.एसओ.७४ आणि लिबसी.एसओ.६ अशी दिसतात. (फाइलनावे पडद्यावर रोमन लिपीत असतात, या पुस्तकात ती वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.) आठव्या आवृत्तीच्या लायब्ररीवर शून्य का? दुसऱ्या आवृत्तीवर सहा कुठून आला? आयसीयूचे दोन्ही आकडे मात्र बरोबर कसे जुळतात? नवशिक्या विद्यार्थ्याला हा गोंधळ वाटतो, आणि पहिली लायब्ररी स्वतः लिहिताना तो बहुधा हा गोंधळ ‘दुरुस्त’ करतो: प्रकाशन २.० असेल तर फाइलीच्या नावातही २ घालून मोकळा होतो. ती दुरुस्ती हीच चूक आहे, आणि तिचे परिणाम लायब्ररी लिहिणाऱ्याला नव्हे, तर ती वापरणाऱ्या तिऱ्हाइतांना भोगावे लागतात, हे दाखवण्यासाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत.

मुळात हे दोन क्रमांक वेगवेगळ्या वाचकांसाठी आहेत. प्रकाशन-क्रमांक माणसे वाचतात. नवे काय आले, कोणती चूक सुटली, आपल्याकडे आहे ती प्रत जुनी झाली का, एवढे त्यांना कळले की झाले. दुसरा क्रमांक वाचतो तो लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या शोधून जोडणारा छोटा प्रोग्रॅम. लायब्ररीच्या फाइलीत तिचे एक अंतर्गत नाव कोरलेले असते, त्याला सोनेम म्हणतात. एखादा प्रोग्रॅम त्या लायब्ररीशी जोडून बांधला, की हे सोनेम त्या प्रोग्रॅमच्या फाइलीत नोंदले जाते. पुढे प्रोग्रॅम चालवताना लोडर नेमके तेच नाव शोधतो. त्याला बातमीपत्रक वाचता येत नाही, अंदाज बांधता येत नाही, ‘सात आणि आठ यांत फारसा फरक नाही’ असे कोणी समजावले तरी पटत नाही. नाव जुळले तर जोडायचे, नाही तर थांबायचे. म्हणून सोनेममधला आकडा एकाच प्रश्नाचे उत्तर असतो: काल या लायब्ररीवर बांधलेला प्रोग्रॅम आज, पुन्हा न बांधता, हिच्यावर चालेल का?

जळगाव जिल्ह्यातल्या वाचकाला हे पाचोरा–जामनेर मार्गावरून चटकन कळेल. त्या मार्गावरच्या ‘पीजे’ गाडीच्या पुढे वाफेचे इंजिन असो की डिझेलचे, डबे नवे असोत की जुने, पाचोऱ्याच्या मुख्य मार्गावर तो डबा जाईल का, हे ठरायचे ते रुळांच्या अंतरावरून. इकडे ते होते ७६२ मिलिमीटर, तिकडे १६७६. इंजिनाची नवी मालिका आली म्हणून कोणी रुळांचे अंतर बदलत नाही. सोनेम हे ते अंतर आहे.

ही कल्पना नवी नाही. १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये सामायिक लायब्रऱ्या आल्या तेव्हाच फाइलीच्या नावात मोठा आणि छोटा असे दोन आकडे होते, आणि मोठा आकडा बदलला की जुने प्रोग्रॅम तुटणार असा त्याचा अर्थ होता. पुढे सिस्टिम ५ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर आलेल्या ईएलएफ या फाइलरचनेत सोनेमला स्वतंत्र जागा मिळाली. १९९६ पासून घडत गेलेल्या लिबटूल या लायब्ररी बांधण्याच्या साधनाने तर लेखकाला प्रकाशन-क्रमांक विचारलाच नाही. त्याने तीन वेगळे आकडे मागितले: चालू इंटरफेसचा क्रमांक, त्या इंटरफेसची कितवी फेरदुरुस्ती आहे ते, आणि वय, म्हणजे मागचे किती इंटरफेस अजून निभावले जातात ते. आतला कोड बदलला पण बाहेरून काही बदलले नाही, तर फक्त फेरदुरुस्ती वाढते. नवे फंक्शन आले पण जुने सगळे शाबूत राहिले, तर चालू क्रमांक आणि वय दोन्ही एकेकाने वाढतात आणि फेरदुरुस्ती शून्यावर येते. एखादे फंक्शन काढले, किंवा त्याचे स्वरूप बदलले, तर चालू क्रमांक वाढतो आणि वय शून्य होते. लिनक्सवर सोनेमचा आकडा म्हणजे चालू क्रमांकातून वय वजा केल्यावर जे उरते ते. लिबटूलची पुस्तिका याच ठिकाणी लेखकाला बजावते, की हे आकडे प्रकाशन-क्रमांकाशी जुळवण्याच्या फंदात पडू नका.

फ्रीटाइपचे उदाहरण घेऊन हा हिशेब करून पाहावा. २.१३.२ या प्रकाशनाला लिबटूलसाठी दिलेले आकडे आहेत चालू २६, फेरदुरुस्ती १, वय २०. सव्वीसातून वीस गेले, उरले सहा. म्हणून फाइलीचे पूर्ण नाव ६.२०.१ ने संपते आणि सोनेम सहावर थांबते. याआधीच्या २.१०.४ या प्रकाशनाचे आकडे २३, ४ आणि १७ होते. तिथेही बाकी सहाच. या दोन प्रकाशनांच्या मध्ये लायब्ररीत भर पडत गेली, चालू क्रमांक तीनने पुढे गेला, पण वयही तीनने वाढले, म्हणजे जुन्या कोणाचेही दार बंद झाले नाही. फ्रीटाइपच्या मंडळींनी आपल्या दस्तऐवजांत प्रकाशन, लिबटूल आणि फाइल अशा तीन स्तंभांचा तक्ताच ठेवला आहे. त्या तक्त्यात पहिला स्तंभ हलत राहतो, दुसरा हलत राहतो आणि तिसऱ्यातला पहिला आकडा ओळीमागून ओळ सहा असतो. माझ्या मते या विषयावरचे इतके चांगले पान दुसरे नाही.

आता प्रकाशन-क्रमांकाकडे पाहू. तो बदलण्याची कारणे फार वेगळी असतात आणि ती सगळी वाजवी असतात. कर्ल या प्रकल्पाने २० मार्च २०२३ रोजी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, सातवरून आठवर उडी मारली आणि ८.० प्रसिद्ध केले. त्या दिवशी त्याच्या लायब्ररीचे सोनेम ४ होते, आणि ते ऑक्टोबर २००६ मधल्या ७.१६.० पासून ४ च होते. वाढदिवसाचा आनंद सोनेममध्ये शिरला असता तर जगभरातले असंख्य प्रोग्रॅम विनाकारण पुन्हा बांधावे लागले असते. लिनस टॉरव्हाल्ड्सने २०११ मध्ये लिनक्स कर्नेलच्या २.६ मालिकेनंतर ३.० सुरू केले तेही आकडे फार लांबले म्हणून. आत काही उलथापालथ झाली म्हणून नव्हे. आयसीयू २०१२ मध्ये ४.८ वरून थेट ४९ वर गेली, तिथे तर नुसती दशांश टिंबाची जागा गेली. हे सगळे निर्णय माणसांसाठी घेतलेले आहेत आणि माणसांना ते कळतात. पण त्यांतल्या एकानेही लोडरच्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. हार्फबझचे शून्य याच दृष्टीने वाचावे. १.०, २.०, पुढे ८, १० आणि त्याही पुढे प्रकाशने गेली, तरी सोनेमचा आकडा शून्यच राहिला. त्यामागच्या आकड्यांत प्रकाशनाची खूण दडवलेली असते, पण जोडणीसाठी लोडर पाहतो ते शून्यच. ते शून्य कच्चेपणाचे चिन्ह नाही. आपण कोणाचे काही मोडले नाही, एवढेच ते सांगते.

सोनेम हा लायब्ररी आणि तिच्यावर बांधलेले प्रोग्रॅम यांच्यातला करार आहे. असा करार नसला तर काय होते ते मराठी वाचकाला अनुभवाने माहीत आहे, फक्त त्याला त्याने या नावाने ओळखलेले नाही. १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, आकृती अशा संचांवर चालायची. अक्षरांच्या संकेतांसाठी आयएस १३१९४ हे भारतीय मानक १९९१ मध्ये आले होते, पण फॉन्टमधला कोणता आकार कितव्या घरात बसवायचा, हे प्रत्येक संचाने आपापले ठरवले. मजकुराच्या फाइलीत साठवले जायचे ते हे घर-क्रमांक. परिणामी फॉन्टचे नाव हाच एकमेव करार उरला. तो फॉन्ट यंत्रावर नसला, किंवा त्याच संचाच्या पुढच्या आवृत्तीत दोन घरांची अदलाबदल झाली, की उघडलेल्या पानावर अक्षरांचा चिवडा व्हायचा. फॉन्टला आवृत्ती होती, उत्पादनाला आवृत्ती होती, पण ‘हा मजकूर कोणत्या मांडणीला धरून लिहिला आहे’ हे सांगणारी स्वतंत्र खूण कुठेच नव्हती. त्या काळातली कित्येक पुस्तके आणि अंक आज पुन्हा टाइप करावे लागतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

युनिकोड आणि ओपनटाइप ही फॉन्टरचना आल्यावर तीच अडचण दुसऱ्या रूपाने उभी राहिली, आणि या वेळी ती शहाणपणाने सोडवली गेली. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट आला. तेव्हाच्या फॉन्टांत देवनागरीच्या जुळणीचे नियम ‘देव’ या चार रोमन अक्षरांच्या खुणेखाली लिहिलेले असत. पुढे विंडोज व्हिस्टाच्या काळात जुळणीची पद्धतच बदलली. काही ठिकाणी व्यंजन आणि हलन्त यांचा क्रम उलटा धरला जाऊ लागला, त्यामुळे जुन्या पद्धतीने लिहिलेले नियम नव्या यंत्रणेला चुकीचे समजले असते. तेव्हा जुन्या खुणेचा अर्थ बदलला गेला नाही. ‘देव२’ अशी नवी खूण काढली, जुनी होती तशी ठेवली, आणि जुळणी करणाऱ्याने फॉन्टमध्ये कोणती खूण आहे ते पाहून वागावे असे ठरले. हार्फबझ आजही दोन्ही ओळखते. अनेक फॉन्ट दोन्ही बाळगतात. फॉन्टचा स्वतःचा आवृत्ती-क्रमांक या सगळ्यात कुठेही नाही. तो १.० असो की ५.९, जुळणीच्या यंत्रणेला त्याच्याशी कर्तव्य नाही. ओपनटाइपच्या प्रकाशन-क्रमांकाशीही ही खूण बांधलेली नाही. सामायिक लायब्ररी नसलेल्या ठिकाणीही तोच विचार स्वतंत्रपणे पुन्हा सुचावा, हा मला या पद्धतीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा वाटतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की हे सगळे जुने झाले. आता सिमँटिक व्हर्जनिंग आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या या पद्धतीत प्रकाशन-क्रमांकाचे तीन भाग असतात, आणि जुने काही मोडले तरच पहिला भाग वाढतो. मग एकच आकडा दोन्ही कामे करू शकेल, दुसरा कशाला? कल्पना चांगली आहे आणि जिथे प्रत्येक प्रोग्रॅम स्रोतापासून पुन्हा बांधला जातो तिथे ती बरीच उपयोगीही पडते. पण तिने गृहीत धरले आहे की एका प्रकाशनात एकच इंटरफेस असतो. ग्लिबसीचे एक प्रकाशन उघडून पाहा: लिबसीचे सोनेम ६, लिबडीएलचे २, लिबआरटीचे १, लिबपीथ्रेडचे ०. चारही एकाच दिवशी, एकाच क्रमांकाखाली प्रसिद्ध होतात, आणि चौघांचा इतिहास निराळा आहे. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये लिबपीथ्रेडमधला सगळा ऐवज लिबसीमध्ये हलवला गेला, तरी लिबपीथ्रेड.एसओ.० ही जवळजवळ रिकामी फाइल मागे ठेवली गेली, कारण जुन्या प्रोग्रॅमांत ते नाव कोरलेले होते. २.३४ हा एकटा आकडा यातले काय सांगू शकला असता? शिवाय स्रोताच्या पातळीवर काही मोडले आणि बांधलेल्या प्रोग्रॅमच्या पातळीवर काही मोडले, या दोन घटना नेहमी बरोबर घडत नाहीत. एखाद्या रचनेत मधोमध नवा घटक घातला तर स्रोत तसाच चालतो, फक्त पुन्हा बांधावा लागतो. आधीच बांधलेला प्रोग्रॅम मात्र चुकीच्या पत्त्यावर वाचू लागतो. एका आकड्याला दोन प्रश्न विचारले, की त्यातल्या एकाला तरी खोटे उत्तर मिळते.

ग्लिबसीच्याच विरोधात एक मुद्दा निघतो आणि तो झाकून ठेवणे बरे नाही. नव्या यंत्रावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर नेला की ‘जीएलआयबीसी_२.३४ सापडले नाही’ असा संदेश येतो; कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा संदेश पाहिला नाही असा विद्यार्थी विरळा. इथे तर प्रकाशन-क्रमांकच इंटरफेसमध्ये शिरला आहे! तो शिरला आहे खरा, पण कोणत्या कामासाठी ते पाहावे. लायब्ररीचे नाव १९९७ च्या ग्लिबसी २.० पासून लिबसी.एसओ.६ आहे. आतल्या प्रत्येक फंक्शनवर ‘हे या रूपात कधी आले’ अशी चिठ्ठी असते, आणि त्या चिठ्ठीवर प्रकाशनाचा आकडा लिहिण्याची प्रथा आहे. प्रकाशन झाले म्हणून सगळ्या चिठ्ठ्या बदलत नाहीत. फंक्शनचे रूप बदलले तरच नवी चिठ्ठी लागते, आणि जुनी चिठ्ठी असलेले जुने रूप शेजारीच राहते. २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला, कारण ग्लिबसीच्या मेमकॉपी या फंक्शनने बाइट उलट्या दिशेने नक्कल करायला सुरुवात केली होती आणि फ्लॅश नियमाविरुद्ध एकमेकांवर चढलेले तुकडे त्याला देत होता. दोष कोणाचा यावर बराच वाद झाला. उपाय मात्र २.१४ मध्ये चिठ्ठीनेच केला: नव्याने बांधलेल्यांना नवे मेमकॉपी, आधी बांधलेल्यांना जुन्यासारखे वागणारे. सोनेम सहाच राहिले.

आयसीयू मात्र खरोखर उलट बाजूला उभी आहे. तिचे सोनेम प्रकाशनाबरोबर बदलते, वर्षातून साधारण दोनदा, आणि तिच्या सी फंक्शनांच्या नावांनाही तो आकडा शेपटासारखा जोडला जातो. त्यामुळे डेबियनसारख्या वितरणात नवी आयसीयू आली की तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजे पुन्हा बांधण्याची मोहीम काढावी लागते. आयसीयूच्या बाजूने एवढे म्हणता येते, की तिचा मोठा भाग सी++ मध्ये आहे आणि तिथे बांधलेल्या प्रोग्रॅमची सुसंगती टिकवणे अतिशय कठीण असते. खोटे आश्वासन देण्यापेक्षा दरवेळी ‘तुटले’ म्हणून मोकळे होणे प्रामाणिक आहे. दोन वेगळ्या आवृत्त्या एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी नांदू शकतात हा फायदाही खरा. मला हे म्हणणे अर्धे पटते. सी++ च्या भागासाठी ते ठीक. पण तिचा सी इंटरफेस अनेक वर्षे स्थिर ठेवलेला आहे, आणि केवळ तेवढाच वापरणाऱ्या प्रोग्रॅमलाही त्या मोहिमेत ओढले जाते. दोन भागांना दोन वेगळी सोनेम दिली असती तर ही मजुरी टळली असती.

दुसरा आक्षेप माणसांच्या स्वभावाबद्दल आहे: दोन क्रमांक ठेवले तर दुसरा वाढवायला लेखक विसरणारच. विसरतात, आणि विसरले की ते फार वाईट असते, कारण नाव जुळते म्हणून लोडर खुशाल जोडतो आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो. पण प्रकाशन-क्रमांक जोडून हा विसराळूपणा जात नाही. किरकोळ प्रकाशनात नकळत फंक्शन काढले गेले तर तिथेही पहिला भाग वाढवायचे राहूनच जाते. विसरण्यावरचा इलाज मोजणी हा आहे. लिबॲबिगेलमधले साधन दोन बांधलेल्या फाइली शेजारी ठेवून काय गेले, काय आले, कोणत्या रचनेची लांबी बदलली ते सांगते. डेबियनची साधने निर्यात होणाऱ्या नावांची यादी मागच्या यादीशी ताडून पाहतात आणि काही गळाले तर बांधणी थांबवतात. या साधनांना पाचव्या आणि सहाव्या प्रकरणांत भरपूर जागा दिली आहे, कारण नियम पाठ करण्यापेक्षा ती सवय लागणे जास्त गरजेचे आहे.

तिसरा आक्षेप आजच्या पिढीचा. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या लायब्रऱ्या पोटात घेऊनच फिरतो, गो भाषेतला प्रोग्रॅम बहुतेक एकाच फाइलीत असतो, कंटेनरमध्ये सगळे सीलबंद येते. मग सामायिक लायब्ररीचा करार हवाच कोणाला? उत्तरासाठी एप्रिल २०१४ आठवावा. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला आणि १.०.१जी या प्रकाशनात तो सुटला. डेबियनमध्ये त्या मालिकेचे सोनेम १.०.० असे होते आणि ते तसेच राहिले. त्याहून बोलके असे, की डेबियनच्या तेव्हाच्या स्थिर वितरणाने १.०.१जी घेतलेच नाही; आपल्याकडच्या १.०.१ई मध्ये तेवढी दुरुस्ती लावून ती फाइल पाठवली. प्रशासकाने एक पॅकेज बदलले, सेवा पुन्हा सुरू केल्या, आणि त्या यंत्रावरचे वेब, मेल, डेटाबेस असे सगळे प्रोग्रॅम एकदम सुधारले. प्रकाशन-क्रमांक जुनाच, दोष गेलेला, करार अबाधित. ज्यांनी ओपनएसएसएल पोटात घेतले होते त्यांना प्रत्येकाला वेगळे शोधून पुन्हा बांधावे लागले. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातून आलेले बॉस लिनक्स डेबियनवरच आधारलेले आहे. अशा वितरणांना हीच सोय वरून वारशाने मिळते. कंटेनरमुळे प्रश्न सुटत नाही, तो कंटेनर बांधणाऱ्याच्या अंगणात जातो. कारण कंटेनरच्या आतही बहुधा एखादे वितरणच असते आणि त्यातल्या लायब्रऱ्यांना सोनेम असतातच.

चौथा आक्षेप सर्वांत अवघड आहे आणि तो मी शेवटी ठेवला आहे. सोनेम फक्त जोडणीबद्दल बोलते. लायब्ररीचे वागणे बदलले तर ते मुकेच राहते. ऑगस्ट २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये शब्दांचा क्रम लावण्याचे तक्ते नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलले गेले. एकही फंक्शन गेले नाही, सोनेम सहाच. पण पोस्टग्रेएसक्यूएलसारखा डेटाबेस आपले निर्देशांक त्या क्रमाने रचून डिस्कवर ठेवतो. खालची ग्लिबसी बदलली, की जुन्या क्रमाने रचलेल्या निर्देशांकात नव्या क्रमाने शोध सुरू होतो, आणि टेबलात असलेली ओळ सापडत नाही. क्रमाचा प्रश्न किती नाजूक असतो ते मराठीत सहज दिसते. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल च्या लगेच पुढे येतो. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर. मतदार यादी नुसत्या क्रमांकांनी लावली तर भोळे आधी आणि भोसले नंतर. वर्णमालेने लावली तर भोसले आधी. दोन्हींपैकी एका क्रमाने रचलेल्या यादीत दुसऱ्या क्रमाने अर्धे-अर्धे करत शोधले, तर भोळे आडनावाचा माणूस यादीत असूनही नाही असेच उत्तर येऊ शकते.

यावरून सोनेम निरुपयोगी ठरते का? काहींनी खरोखरच तसा निष्कर्ष काढला आहे. पण पोस्टग्रेएसक्यूएलने काय केले ते पाहणे उद्बोधक आहे. त्याने क्रमवारीच्या नियमांचा तिसराच क्रमांक प्रत्येक क्रमवारीच्या नोंदीशेजारी नोंदवायला सुरुवात केली, आणि तो बदललेला दिसला की इशारा द्यायचे ठरवले. आयसीयू वापरली तर हा क्रमांक आयसीयू स्वतः पुरवते. तो तिच्या प्रकाशन-क्रमांकापासून वेगळा आहे. सोनेमच्या बाबतीत जिने वेगळेपणा नाकारला तिनेच क्रमवारीच्या बाबतीत तो पाळावा, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे. ग्लिबसीकडे असा वेगळा क्रमांक नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत पोस्टग्रेएसक्यूएलला नाइलाजाने तिचा प्रकाशन-क्रमांकच क्रमवारीचा क्रमांक म्हणून लिहावा लागतो. परिणाम असा, की क्रम बदललेला नसतानाही ग्लिबसीच्या प्रत्येक नव्या प्रकाशनाबरोबर इशारा येतो. सतत येणारा इशारा प्रशासक वाचेनासे होतात, आणि २.२८ सारखा खरा बदल आला तर तोही त्याच रांगेत उभा राहतो.

या पुस्तकात पहिली चार प्रकरणे ईएलएफ, सोनेम आणि लिबटूलच्या तीन आकड्यांवर आहेत, आणि प्रत्येक नियमासाठी फ्रीटाइप, हार्फबझ, कर्ल यांपैकी एकाची खरी प्रकाशने घेतली आहेत. विंडोजवर एक प्रकरण आहे. तिथे मराठी जुळवणाऱ्या यूएसपी१०.डीएलएल या फाइलीचे नाव तेच राहून आतली आवृत्ती १.४२० वरून १.६२६ पर्यंत कशी गेली, आणि नवी प्रत स्वतःच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये टाकून लोक मराठी नीट कशी दाखवून घेत, याची हकिगत आहे. मॅकवर फार लिहिलेले नाही. तिथली रचना वेगळी असली तरी करार आणि प्रकाशन हे दोन आकडे फाइलीतच वेगळे साठवलेले असतात, एवढे सांगून पुढे गेलो आहे. शेवटची दोन प्रकरणे साठवलेला मजकूर, साठवलेला निर्देशांक आणि फॉन्टमधल्या खुणा यांच्यावर आहेत. उदाहरणे करून पाहण्यासाठी एखादे जुने यंत्र आणि त्यावर डेबियन किंवा उबुंटू एवढे पुरेल. दोन वेगळ्या काळांतली वितरणे शेजारी ठेवता आली तर जास्त चांगले, कारण पाचव्या प्रकरणातली तुलना एकाच वितरणावर करून भागत नाही.

पिंप्राळा, जळगाव